सारंगाला विचारा : सेवेचा दाखला, तोंडी परीक्षा आणि ओहोटीचं पाणी

(मुंबई बंदर आणि रायगडच्या खाड्यांत लाँचवर खलाशी म्हणून लागून पुढे सारंग आणि मास्टर, म्हणजे बोट हाकणारे प्रमुख, झालेले, आता निवृत्त असलेले आमचे सारंगकाका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी बरीच पत्रं बोट चालवण्याच्या सर्टिफिकेटबद्दलची आहेत.)

काका, मी अलिबाग तालुक्यातला, वय 21, बारावी पास. मांडवा–गेटवे मार्गावरच्या लाँचवर मागचा एक हंगाम खलाशी होतो. मास्टरच्या परीक्षेला बसायचं तर सेवेचा दाखला लागतो आणि माझी सेवा कमी पडते. ओळखीतला एक जण म्हणतो, पैसे दे, दुसऱ्या बोटीवर काम केल्याचा दाखला आणून देतो. मित्र म्हणतात, प्रश्न ठरलेलेच असतात, दोन महिने घोकलं की पास. घरी पैशाची गरज आहे. घेऊ का दाखला?

नको घेऊस. गरज मला कळते. आपल्या पट्ट्यात दुसरी नोकरी कुठे धरलीय, हेही ठाऊक आहे. तरी नको. खोटा कागद खरा म्हणून पुढे करणं हा फौजदारी गुन्हा आहे. उघडकीला आला तर परीक्षा जाईलच, आणि पुढे जिथे जिथे पोलीस पडताळणी लागते त्या सगळ्या नोकऱ्या जातील. पण समज, तू कधीच पकडला गेला नाहीस. मला जास्त भीती त्याचीच वाटते. कारण मग तुला बोट मिळेल. मागे शंभर माणसं बसलेली असतील, त्यांत कडेवर पोर घेतलेली बाई असेल, आणि चाकावर तू असशील.

ज्या हंगामांचा दाखला तू विकत घेणार आहेस त्या हंगामांत हाताला काय लागतं ते सांगतो. नुसतं धक्क्याला लागण्याचंच घे. रिक्षा पुढच्या चाकाने वळते आणि तिचं मागचं अंग पुढच्याच्या पाठोपाठ येतं. बोटीचं उलटं आहे. सुकाणू मागे, पाणी ढकलणारा पंखा मागे. चाक डावीकडे फिरवलंस की आधी बोटीचं मागचं अंग उजवीकडे फेकलं जातं, मग नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडे येते. म्हणून धक्क्याला चिकटून उभी असलेली बोट पुढे काढताना घाईने चाक फिरवलं की मागचा कोपरा धक्क्यावर घासतो. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. पण मागे न बघता त्या कोपऱ्याचा अंदाज येणं, हे बोटीवर राहूनच येतं.

दुसरी गोष्ट. सुकाणूवर पाणी धावलं तरच बोट ऐकते. इंजिन न्यूट्रलला टाकलंस, वेग मेला, की चाक कितीही फिरव, बोट जाईल तिकडे जाईल. अशा वेळी चाक पुरतं एका बाजूला करून पुढचा गिअर क्षणभर टाकायचा आणि लगेच काढायचा. पंख्याचं पाणी सुकाणूवर आपटतं, बोट जागच्या जागी फिरते, पुढे फारशी जात नाही. तो 'क्षणभर' म्हणजे किती, हे प्रत्येक बोटीचं वेगळं. भरलेल्या बोटीचं आणि रिकाम्या बोटीचंही वेगळं.

उलट्या गिअरची गंमत तर तू पाहिली असशीलच. एकच पंखा असलेली बोट उलट्या गिअरमध्ये सरळ मागे येत नाही. पंखा उजव्या फिरकीचा, म्हणजे पुढच्या गिअरमध्ये मागून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा, असेल तर मागचं अंग डावीकडे ओढलं जातं. म्हणून अशी बोट डाव्या अंगाने लावणं सोपं. नाळ जराशी धक्क्याकडे करून हळू यायचं, शेवटी उलटा मारायचा, बोट थांबते आणि मागचं अंग आपलं आपण धक्क्याला येऊन बसतं. उजव्या अंगाने लावायचं तर तीच ओढ तुझ्या विरुद्ध जाते.

आता यात ओहोटीचं पाणी घाल. तोंडी परीक्षेत परीक्षा घेणारा सर्व्हेअर हमखास विचारतो: धक्क्याकडे येतोयस, पाणी मागून आहे, काय करशील? घोकलेला पोरगा म्हणतो, "वेग कमी करीन." बरोबर वाटतं ना? पण पाणी मागून असताना वेग कमी केला की सुकाणूची पकड जाते, आणि बोट पाण्याबरोबर धक्क्यावर चालूनच येते. हंगाम काढलेला पोरगा म्हणतो, "पुढे जाऊन वळसा घेईन, तोंड पाण्याला करीन, मग लागेन." पाणी समोरून असलं की पंखा थोडा चालू ठेवूनही बोट धक्क्यासमोर जवळजवळ स्थिर उभी राहते. सुकाणू हातात असतं आणि खलाशाला दोर टाकायला सवड मिळते. हे उत्तर देताना त्या पोराचे हात हवेत चाक फिरवत असतात. सर्व्हेअर त्या हातांकडे बघतो. मी अशी पोरं परीक्षेला पाठवली आहेत आणि ती बाहेर आली की काय विचारलं, काय सांगितलं, हे नेहमी विचारत आलोय.

माणसांचं तर कोणत्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. धक्का जवळ आला की सगळे उठतात आणि उतरायच्या बाजूला जमतात. बोट त्या अंगाला कलते. त्याच वेळी बाजूने वेगात एखादी स्पीडबोट गेली, तिची लाट आली, की काय होईल याचा विचार कर. चांगला सारंग धक्का यायच्या आधीच खलाशाला नजरेने सांगतो आणि खलाशी "बसून राहा, बसून राहा" म्हणत मधल्या वाटेत उभा राहतो. तू खलाशी होतास, म्हणजे ते काम तुझं होतं. दोराचंही तुझंच. दोराच्या वेटोळ्यात पाय नाही, ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, खुंटीला वळसे घालून दोर सोडत सोडत बोट थांबवायची. एका झटक्यात अडवायला गेलं की नायलॉनचा दोर ताणतो, ताणतो आणि तुटून चाबकासारखा परत येतो.

जुन्या लाकडी लाँचवर तर गिअर सारंगाच्या हातात नसायचाच. खाली इंजिनपाशी ड्रायव्हर. त्याला बाहेरचं काही दिसत नाही, वरून दोरी ओढून घंटी द्यायची, ठोके मोजून तो गिअर टाकणार. घंटी आणि पंखा यांच्यामध्ये जो वेळ जातो तो धरूनच सारंगाला पुढचा विचार करावा लागे. त्या बोटींवर शिकलेली माणसं आज नव्या बोटीवरही शांत दिसतात ती त्यामुळेच.

पाण्याचं गणित आता शिक, हे घरबसल्या होतं. तिथीची पाऊणपट कर, पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. त्यापुढे सहा तासांच्या थोडं वर गेलं की पूर्ण ओहोटी. आपल्या आज्या-पणज्यांनी यावरच होड्या हाकल्या. पण परीक्षेला आणि कामाला भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं वापर, कारण तिथी वेळ सांगते, पाण्याची उंची सांगत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला कमी. आणि सहा तासांत ते सारखं चढत नाही. बारा भाग धर: पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणाला चार मीटर चढउतार असेल तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी हललेलं दिसतं आणि तिसऱ्या तासात एक मीटर. म्हणजे मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जास्त. धक्क्याला लागायची वेळ त्यात येतेय का, हे सकाळीच बघून ठेवायचं.

रेवसला एकदा ओहोटीची फेरी कर, काम म्हणून नको, शिकायला म्हणून. तिथे गाळ आहे. पाणी उथळ झालं की बोट आधी स्वतः सांगते. मागचं अंग खाली बसतं, इंजिनचा आवाज जड होतो, तेवढ्याच रेसवर वेग पडतो, चाक सुस्त होतं, मागची लाट उंच आणि मातकट होते. इंजिन थंड करणारं पाणी बाहेर पडतं त्या नळीकडे लक्ष ठेव. धार बारीक झाली तर आत चिखल नाहीतर प्लास्टिकची पिशवी गेलीय. डायलवर तापमान चढलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हे सगळं मी इथे लिहिलं, तू वाचलंस, तरी तो जड झालेला आवाज तुला कानाने ओळखता यायला बोटीवरच उभं राहावं लागेल.

आणि न निघणं. हे सगळ्यात उशिरा येतं. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' ही प्रवासी बोट काशाच्या खडकाजवळ वादळात बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. रेवसकडच्या गावांत अजून ती गोष्ट निघते. फेरी रद्द करायची तर मालक समोर असतो, तिकीट काढलेली माणसं ओरडत असतात आणि आकाश अजून निम्मं निळं असतं. त्या वेळी "नाही" म्हणायला जोर लागतो. ज्याने मे महिन्यातला पश्चिमेचा काळा पट्टा आणि त्याच्या आधी अचानक पडणारा वारा स्वतः पाहिलाय, त्याच्याकडे तो असतो. विकतच्या दाखल्यावर चाकाला बसलेल्या पोराकडे तो कुठून येणार?

तेव्हा असं कर. याच किंवा दुसऱ्या लाँचवर राहा. एक वही घाल. तारीख, बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, वारा, पाणी, तू काय काम केलंस, आणि खाली सारंगाची सही. हंगाम संपला की त्याच आठवड्यात मालकाकडून लेटरहेडवर सेवेचं पत्र घे, नंतर मागशील तर बोट विकलेली असते नाहीतर मालक भेटत नाही. पगार बँकेत घे, तो तुझा पुरावा. सकाळी बोट रिकामी धक्क्यावर आणतात ना, त्या फेरीला सारंगाकडे चाक माग. प्रवासी असताना मागू नकोस आणि कोणी दिलं तरी घेऊ नकोस. जुन्या, 1917 च्या कायद्यात सारंग, दुसऱ्या वर्गाचा मास्टर, पहिल्या वर्गाचा मास्टर अशा पायऱ्या होत्या. आता 2021 चा अंतर्देशीय नौका अधिनियम आहे, त्याखाली नवे नियम आलेत, तेव्हा तुझ्या पायरीला नेमकी किती सेवा हवी ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कार्यालयात जाऊन लेखी घे. ओळखीतल्या त्या माणसाकडून नको.

आम्ही हर्णैचे. माझं वय 52. वडिलांच्या हाताखाली बोटीवर गेलो, आज स्वतः तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख, आहे. मुलगा म्हणतो, बाबा, मासळी कमी झाली, तुम्ही सर्टिफिकेट काढा म्हणजे बार्जवर किंवा फेरीबोटीवर लागता येईल. मला सांगा, ज्यांनी रात्री जाळं टाकलं नाही ते आम्हाला दर्या काय शिकवणार?

तांडेल, राम राम. तुमचा राग मला पटतो. पाण्याचा रंग बघून तळ सांगणारा माणूस परीक्षेच्या बाकावर पोरांच्या रांगेत बसवायचा, हे मलाही जड जातं. तरी मुलाचं ऐका.

कारण तुमचा अनुभव खोल आहे, पण तो तुमच्या पाण्याचा आहे. हर्णैच्या बंदरात, दाभोळच्या मुखाशी तुम्हाला कोणी काही सांगू नये. पण फेरीबोट घेऊन मुंबई बंदरात शिरलात की समोरून येणाऱ्या जहाजाच्या मास्टरला तुम्ही ओळखत नाही आणि तो तुम्हाला ओळखत नाही. तिथे दोघांमध्ये बोलणं होतं ते दिव्यांचं आणि भोंग्यांचं. 1972 चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम त्यासाठीच आहेत. उजव्या अंगाने कोणी आडवं येत असेल तर वाट आपण द्यायची. अरुंद वाटेत उजव्या कडेने राहायचं. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझं इंजिन उलटं चालू आहे, पाच म्हणजे तुझा इरादा मला कळत नाही. रात्री समोर लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर तो सरळ तुमच्यावर येतोय.

मासेमारीचे दिवे तर तुमचे स्वतःचेच. ट्रॉलिंग चालू असेल तर वर हिरवा, खाली पांढरा. इतर जाळं असेल तर वर लाल, खाली पांढरा. आज आपल्या किनाऱ्यावर कितीतरी बोटींवर रंगीबेरंगी एलईडीच्या माळा लुकलुकतात. पोरांना हौस आहे, पण जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या वरच्या खोलीत, उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला त्या माळांतून बोटीचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे कळत नाही. मोठ्या जहाजाच्या नाळेपुढे बराच पट्टा असा असतो की तिथली बोट त्यांना वरून दिसतच नाही, आणि दिसली तरी त्यांना लगेच थांबता येत नाही. तुम्ही हा अभ्यास कराल तर त्याचा पहिला फायदा तुमच्याच बोटीला होईल.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंदी असते तेव्हा अभ्यासाला बसा. मुलाला वाचायला सांगा, तुम्ही ऐका आणि प्रत्येक नियमाला तुमच्या आयुष्यातली एक रात्र जोडा, पाठ करावं लागणार नाही. जाताना बोटीची नोंदणी, तुमचं बायोमेट्रिक कार्ड आणि मच्छीमार सोसायटीचं पत्र बरोबर न्या आणि तुमची बोटीवरची वर्षं कशी धरतात ते महाराष्ट्र सागरी मंडळात विचारा. तोंडी परीक्षेत घाबरू नका. त्या टेबलावर तुम्हाला येणार नाही असं फार थोडं आहे.

काका, मी रत्नागिरीची, बारावी सायन्सला आहे. मला मोठ्या जहाजाची कॅप्टन व्हायचंय. घरी म्हणतात, हे मुलींचं काम नाही. आणि एका एजंटने बाबांना सांगितलंय की पैसे भरा, थेट जहाजावर लावतो.

मुली, आधी एजंटचं. बाबांना सांग, एक रुपया देऊ नका. जहाजावर माणसं लावणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे भरती करण्याचा, परवाना असावा लागतो, त्या परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या वेबसाईटवर बघता येते, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्यांना बंदी आहे. जो पैसे मागतो तो तिथेच खोटा ठरला. आपल्या कोकणातली किती पोरं असे पैसे भरून परदेशात कुठल्यातरी गंजक्या बोटीवर पगाराविना अडकली, त्यांच्या आया मला माहीत आहेत.

खरी वाट अशी. बारावीला भौतिक, रसायन, गणित यांत सरासरी 60 टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 50 टक्के. मग इंडियन मेरिटाईम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा, आयएमयू-सीईटी. त्यातून एक वर्षाचा नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा आणि नंतर जहाजावर 18 महिने कॅडेट म्हणजे शिकाऊ, किंवा तीन वर्षांची बीएस्सी. नवी मुंबईतलं 'टी. एस. चाणक्य' तुला ऐकून माहीत असेल. मग सेकंड मेट या जहाजावरच्या अधिकाऱ्याची परीक्षा, पुढे चीफ मेट, मग मास्टर. प्रत्येक पायरीच्या मध्ये पुन्हा समुद्रावरची सेवा आहे, ती कोणालाच चुकत नाही.

घरच्यांना कॅप्टन राधिका मेनन यांचं सांग. 2015 च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात 'दुर्गम्मा' नावाची मासेमारी बोट वाहून चालली होती. 'संपूर्ण स्वराज्य' या तेलवाहू जहाजाच्या त्या मास्टर. खवळलेल्या समुद्रात जहाज त्या बोटीजवळ नेऊन त्यांनी सात मच्छीमार वर घेतले. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्यांना शौर्याचा पुरस्कार दिला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. एवढं मोठं जहाज लाटांमध्ये एका इवल्या होडीजवळ न्यायचं आणि तिला चिरडायचं नाही, यात बोट चालवण्याचं सगळं शास्त्र आलं. तुझ्या बाबांना विचार, हे काम कोणाचं.

कॅडेट म्हणून गेलीस की पहिले महिने गंज खरवडायला, रंग लावायला, दोर ओढायला लावतील. ते मनापासून कर. गंज खरवडताना कुठला पत्रा पातळ झालाय ते कळतं, आणि पुढे तूच त्या डेकवर हुकूम देणार आहेस. आतापासून करायचं तर पोहायला शीक, नुसतं विहिरीत नको, खाडीतही, घरचं माणूस बरोबर घेऊन. एक हातभर दोर उशाशी ठेव आणि न घसरणारा फासा डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधत राहा.

काका, मी मूळची ठाण्याची, आता अमेरिकेत मेरीलँडमध्ये. आमची 22 फुटी मोटरबोट आहे, चेसापीक उपसागरात फिरतो. मला कोस्ट गार्डचं सहा प्रवाशांपर्यंतचं कॅप्टनचं लायसन्स काढायचंय. त्याला बोटीवरचे 360 दिवस दाखवावे लागतात, त्यातले 90 मागच्या तीन वर्षांतले, आणि निदान चार तास असेल तरच तो दिवस धरतात. नियमांच्या पेपरला 90 टक्के लागतात. क्लास लावलाय. दिवस कसेबसे भरतील. पण मला मनातून तयारी वाटत नाही. काय करू?

ताई, तुम्हाला तयारी वाटत नाही हे तुम्ही स्वतःला विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं. मागच्या तीन वर्षांतले 90 दिवस ही अट मला आवडली. हाताची सवय मोडते, ती ताजी असल्याचा पुरावा मागणं रास्त आहे. आपल्याकडेही अशी अट कडक असावी असं माझं मत आहे.

आता तुमचे दिवस बघा. बहुतेक दिवस छान ऊन असलेले, शनिवार-रविवारचे, त्याच धक्क्यावरून निघून त्याच धक्क्यावर परतलेले असतील. उरलेले दिवस वेगळे घाला. अनोळखी धक्क्यांवर लागा. वारा धक्क्यापासून दूर ढकलतोय तेव्हा लागा, मग वारा धक्क्यावर ढकलतोय तेव्हा निघून दाखवा, हे दुसरं जास्त कठीण आहे. जाणता माणूस सोबत घेऊन रात्री या. किनाऱ्याच्या दिव्यांत बोयाचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचा, दिवा कसा हरवतो ते तेव्हाच कळतं. चेसापीक उथळ आहे, सरासरी खोली 21 फूट, म्हणजे थोड्या वाऱ्यावरही आखूड, उभ्या लाटा येणार. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी वादळं येतात, ती किती वेळात येतात हे घड्याळ लावून एकदा धक्क्यावरून बघा. आणि तिथे खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे बोये पाण्यावर पसरलेले असतात. आपल्याकडे जाळ्यांचे असतात तसेच, दोर पंख्यात गेला की बोट मेली. मग नांगर टाकायचा कसा, इंजिन बंद करून, घाबरलेले सहा प्रवासी मागे असताना? नांगर टाकण्याचा सराव मुद्दाम करा. पुष्कळ मोटरबोटवाले वर्षानुवर्षं नांगर बाहेरच काढत नाहीत.

बोट उघडूनही बघा. डिझेल असो, पेट्रोल असो, फिल्टर स्वतः बदला, पंप कुठे, व्हॉल्व्ह कुठे, पाणी आत आलं तर बाहेर कुठून काढायचं. कमांडर दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि 2010 च्या मेमध्ये परत आले. एकट्याने ही फेरी करणारे ते पहिले भारतीय. ती बोट गोव्यात दिवाडीला बांधली जात असताना ते तिथेच होते, तिचा खिळा न् खिळा त्यांना माहीत होता. दक्षिण महासागरात काही मोडलं तर दुरुस्तीला दुसरं कोण येणार होतं?

एक सोपी कसोटी सांगतो, ती तुमच्या घरच्यांना करायला लावा. धक्क्याकडे येताना त्यांनी अचानक म्हणावं, "इंजिन गेलं." त्या घडीला वारा कुठून, पाणी कुठून, नांगर कोणाच्या हाताशी, हे तीन तुम्हाला विचार न करता सांगता आले की पैसे घेऊन माणसं बसवा. तोवर लायसन्स हातात आलं तरी एखाद्या जुन्या कॅप्टनबरोबर त्याच्या बोटीवर मदतनीस म्हणून एक हंगाम जा.

काका, मला चष्मा आहे. मास्टरच्या परीक्षेला चालेल का? (एक वाचक, पनवेल)

चष्मा लावून नजर ठरलेल्या मापात येत असेल तर सहसा अडत नाही, जादा चष्मा जवळ ठेवावा लागतो. अडतं ते रंगांवर. लाल-हिरवा ओळखता येत नसेल तर रात्री समोरच्या बोटीची कोणती बाजू आपल्याकडे आहे हे कळणार नाही, तिथे सवलत नाही आणि नसावीही. पुष्कळ मुलांना हा दोष आपल्याला आहे हे क्लासची फी भरल्यावर कळतं. म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन इशिहाराच्या, म्हणजे रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायच्या, छापील पुस्तकावर तपासून घे. मोबाईलवर जी चाचणी मिळते तिच्यावर जाऊ नकोस, पडद्याचे रंग प्रत्येक फोनवर वेगळे दिसतात.